स्पेक्ट्रो रिपोर्ट ओके, तरी ब्रॅकेट तुटतोय: धातूची आतली रचना आणि कणांचा आकार

चिंचोळीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये बाहेरून येणारं कास्टिंग तपासायचं काम माझ्याकडं आहे. एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आपल्या इथं साखर कारखान्यातले, बांधकामातले, औषध कंपनीतले, शेतीतले असे सगळेच लोक आहेत म्हणून धागाच काढतो.

झालं असं की एका पुरवठादाराकडून एसजी ५००/७ ग्रेडचे (एसजी म्हणजे गोल ग्रॅफाइटचं बीड) ब्रॅकेट आले. सोबत स्पेक्ट्रोचा, म्हणजे ठिणगी पाडून धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनचा रिपोर्ट, त्यात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, मॅग्नेशियम सगळं रेंजमध्ये. माल लाइनवर गेला आणि बोल्ट आवळताना काही ब्रॅकेटचे कान तुटले. तुटलेला भाग काळपट करडा दिसत होता. पुरवठादाराचं म्हणणं, केमिस्ट्री ओके आहे, तुम्हीच टॉर्क जास्त दिला असणार. मग आम्ही एक तुकडा कापला, पॉलिश पेपरवर घासत घासत आरशासारखा केला आणि मायक्रोस्कोपखाली १०० पट मोठा करून बघितला. एसजीमध्ये ग्रॅफाइटच्या गोल गोळ्या दिसायला पाहिजेत. इथं काही गोळ्या, काही अळ्यांसारखे वळवळीत तुकडे आणि बऱ्याच ठिकाणी सरळ सरळ पात्या. कार्बन तेवढाच, पण त्याचा आकार बदलला आणि माल हातातून गेला.

आता मुद्दा बघा. स्पेक्ट्रोसाठी जो नाण्याएवढा सॅम्पल ओततात तो तांब्याच्या साच्यात मुद्दाम झटकन थंड करतात, म्हणजे त्यातला कार्बन ग्रॅफाइट न होता लोखंडाशी संयुग करून बसतो आणि मशीनला बरोबर आकडा मिळतो. ग्रॅफाइट मोकळं असलं तर ठिणगीत ते नीट जळत नाही, कार्बनचा आकडा चुकतो. पद्धत बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा की ज्या तुकड्यावरनं रिपोर्ट निघतो त्याची आतली रचना आपल्या कास्टिंगपेक्षा वेगळी ठेवलेली असते! तो रिपोर्ट कार्बन किती हे सांगतो, कार्बन कसा बसलाय हे सांगूच शकत नाही. आणि तुटणं न तुटणं ठरतं ते कसा बसलाय यावर.

माझं ठाम मत असं आहे की आपल्याकडं माल पास-नापास करताना सगळा भर "काय आहे" यावर असतो आणि "कसं रचलंय" हे कुणी विचारतच नाही. तुमच्या तुमच्या कामात असं काही बघितलंय का, लिहा.

---

विजापूरवेस

चांगला धागा दादा. पण ग्रॅफाइटची पाती आणि गोळी यानं एवढा फरक का पडावा? दोन्ही ग्रॅफाइटच ना?

---

चिंचोळीकर

@विजापूरवेस, दोन्ही ग्रॅफाइटच. ग्रॅफाइटला स्वतःला ताकद जवळपास नाहीच, म्हणजे लोखंडाच्या दृष्टीनं ती पोकळीच समजा. पातळ पाती असली की तिचं टोक धारदार असतं आणि ताण दिला की सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो. कापडाला आधी कात्रीनं बारीक चीर दिली की पुढं फाडायला जोर लागत नाही, तसंच. गोळीला टोकच नाही, ताण तिच्या भोवतीनं पसरून जातो. म्हणून साध्या बिडात, म्हणजे एफजी २६० वगैरेमध्ये, लांबण्याची क्षमता एक टक्कासुद्धा नसते आणि एसजी ५००/७ मध्ये तो सातचा आकडा म्हणजे तुटण्याआधी ७ टक्के लांबतं. एसजी ४००/१५ तर १५ टक्के. कार्बन दोघांतही साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपासच.

आणि गोळी होते का पाती, हे परत आतल्या जाळीवर, म्हणजे अणूंच्या मांडणीवरच जातं. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरात बसलेले असतात, एका थरात दोन अणूंमधलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) आणि दोन थरांमधलं ३.३५ अँगस्ट्रॉम. थरात घट्ट, थराथरात ढिलं. रसात, म्हणजे वितळलेल्या लोखंडात, गंधक आणि ऑक्सिजन असला की तो थरांच्या कडांना चिकटतो आणि थर आडवे वाढत जातात, पाती होते. मॅग्नेशियम टाकलं की ते गंधक-ऑक्सिजन खाऊन टाकतं, मग वाढ थरांच्या उभ्या दिशेनं होते आणि सगळ्या बाजूंनी गोळी बांधली जाते. त्यासाठी रसात शिल्लक मॅग्नेशियम साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्के लागतं.

---

भट्टीवाला

फाउंड्रीत आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगतो. तुमच्या केसमध्ये काय झालंय ते मला इथं बसून दिसायलंय. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की लगेच नाणं ओतून लॅबला पाठवतात, तिथं मॅग्नेशियम बरोबर येतं. पण मॅग्नेशियम त्या तापमानाला उडून जात असतं आणि रसातल्या गंधक-ऑक्सिजनबरोबर संपतही असतं, आम्ही त्याला फेडिंग म्हणतो. लॅडल (रस ओतायची बादली) खाली व्हायला उशीर झाला, मध्ये क्रेन अडकली, साचे तयार नव्हते, की शेवटच्या बॉक्सपर्यंत मॅग्नेशियम घसरलेलं असतं. नाणं पहिल्या रसाचं आणि तुटलेला ब्रॅकेट शेवटच्या रसाचा. ट्रीटमेंटनंतर दहा-बारा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायचं हा नियम आम्ही पोरांना रोज सांगतो.

पुरवठादाराला सांगा, प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या रसाचा सॅम्पल ठेव आणि त्याचा मायक्रो, म्हणजे मायक्रोस्कोपचा फोटो दाखव. आणि तुमच्याकडं मायक्रोस्कोप नसला तरी एक काम करा, कास्टिंग तारेला टांगा आणि छोट्या हातोडीनं टोला द्या. एसजी असलं तर खणखणीत वाजतं आणि आवाज रेंगाळतो, ग्रे, म्हणजे पात्यांचं साधं बीड असलं तर भद्द वाजून लगेच बसतं. कान तयार झाला की ढिगातला एक वेगळा पीस हुडकून काढता येतो.

---

चिंचोळीकर

@भट्टीवाला काका, अगदी बरोबर पकडलंत. तुटलेले सगळे पीस एकाच हीट कोडचे, म्हणजे भट्टीच्या एकाच घाण्यातले आहेत. टांगून वाजवायचं आजच करून बघतो.

---

होटगीरोड_साइट

बांधकामात तर हे रोजचं आहे हो. भीमेची वाळू बंद झाल्यापासून सगळं काम क्रश सँडवर चाललंय. चाळणीचा रिपोर्ट आणला तर नदीची आणि क्रश, दोन्ही वाळू झोन २, म्हणजे कणांच्या बारीक-मोठेपणाची वर्गवारी एकच. मिस्त्री मात्र पहिल्या दिवशीच सांगतो की ही वाळू पाणी जास्त पितीय, गिलावा ओढत नाही. खरं कारण पिण्याचं नाहीच, आकाराचं आहे. नदीची वाळू वाहून वाहून घासलेली, कोपरे गेलेले, कण एकमेकांवरनं घरंगळतात. खडीच्या मशीनमधनं निघालेला बेसॉल्टचा कण टोकदार असतो, कणाला कण अडकतो, मग तेवढाच ढिलेपणा आणायला पाणी जास्त लागतं आणि पाणी वाढवलं की स्ट्रेंग्थ गेली. त्यातही जॉ क्रशरचा माल चपटा-लांबट निघतो आणि व्हीएसआयमधला, म्हणजे जिथं दगड दगडावर आपटून फोडतात तिथला, बऱ्यापैकी चौकोनी निघतो. दोन्हीचा दगड एकाच खाणीतला! खडीसाठी आयएस ३८३ मध्ये चपटे आणि लांबट कण मिळून ४० टक्क्यांच्या वर नकोत असं आहे, पण साइटवर ती टेस्ट मागणारा इंजिनिअर मला क्वचितच भेटतो.

याच्या उलट फ्लाय ॲश. आपल्याच फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं स्टेशन आहे, तिथली राख घ्या नाहीतर कुठलीही चांगली राख घ्या, मायक्रोस्कोपखाली बारीक काचेच्या गोळ्या दिसतात. कोळशातली माती भट्टीत हवेत उडता उडता वितळते आणि थेंब गोल होऊन तसाच गोठतो. त्यामुळं काँक्रीटमध्ये राख घातली की तेवढ्याच पाण्यात माल जास्त सुटा होतो, पंपातनं सरळ जातो. म्हणजे एका बाजूला टोकदार क्रश सँड आणि त्याला सावरायला गोल राख, आम्ही मिक्स असंच बसवतो.

आणि अजून एक, राख एवढ्या झटक्यात थंड होते की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, ती काचच राहते. ती काच चुन्याशी हळूहळू रिॲक्ट होऊन सिमेंटसारखी बांधते. तीच सिलिका वाळूत क्वार्ट्झ म्हणून पक्की रचलेली असते, ती वर्षानुवर्षं चुन्यात ठेवली तरी ढिम्म.

---

एकरुख

होटगीरोड साहेब, सिमेंटचं पण तसंच काहीतरी असतं ना? आमचा एक मित्र सिमेंट फॅक्टरीत होता, तो म्हणायचा क्लिंकर, म्हणजे दळायच्या आधीचा सिमेंटचा भाजलेला गोळा, आपोआप पीठ होतो.

---

होटगीरोड_साइट

@एकरुख, हो हो, भारी आठवण काढलीत. सिमेंटमध्ये डायकॅल्शियम सिलिकेट म्हणून एक घटक असतो, सीटूएस. तो बीटा रूपात असला तर पाण्याशी हळूहळू रिॲक्ट होतो आणि सिमेंटला पुढच्या महिन्यांत ताकद देतो. क्लिंकर हळूहळू थंड होऊ दिला तर साधारण ५०० अंशांच्या खाली आल्यावर तो गॅमा रूपात जातो. अणू तेच, प्रमाण तेच, फक्त बसण्याची पद्धत बदलली, पण त्या नव्या रचनेला जागा सुमारे १० टक्के जास्त लागते म्हणून घट्ट गोळा आतूनच फुटून भुकटी होतो. डस्टिंग म्हणतात त्याला. आणि ती गॅमा भुकटी पाण्यात कालवली तरी जवळपास काहीच करत नाही. म्हणून तर भट्टीतनं निघालेला क्लिंकर कूलरवर हवा मारून पटकन थंड करतात. रासायनिक तपासणीत दोन्ही एकच दिसणार, एक सिमेंट आणि एक माती.

---

शाळूवाला

आम्ही मंगळवेढ्याकडचे. तुमचं लोखंडाचं मला कळत नाही पण मातीचं विचारतो. आमचं जुनं घर काळ्या रानात आहे, दर उन्हाळ्यात भिंतीला तडा जातो आणि पावसाळ्यात दार अडकायला लागतं. भावानं तिथनं हाकेच्या अंतरावर मुरमाड जागेत घर बांधलं, मिस्त्री तोच, विटा त्याच, तिथं एक रेघ नाही. माती पण दगडाचीच झालेली आणि मुरूम पण त्याच दगडाचा, मग असं का?

---

भूगोल_ताई

@शाळूवाला दादा, तुमचा प्रश्न या धाग्यात अगदी चपखल बसतो. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, जरा सविस्तर लिहिते.

आपल्या काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती मुख्यतः स्मेक्टाइट गटातली, मॉन्टमोरिलोनाइट हे त्यातलं नेहमीचं नाव. तिचा प्रत्येक कण म्हणजे पापुद्र्यांची थप्पी. एका पापुद्र्यात दोन सिलिकाचे थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा थर. पापुद्रे एकमेकांना फार सैल धरलेले असतात, मध्ये कॅल्शियम-सोडियमसारखे आयन असतात आणि पाणी मिळालं की ते पाणी थेट पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. कोरडं असताना एका पापुद्र्यापासून पुढच्या पापुद्र्यापर्यंतचं अंतर साधारण १० अँगस्ट्रॉम, पाणी शिरलं की ते टप्प्याटप्प्यानं १२, १५, १८ असं वाढत जातं. अणूंच्या जाळीतच दीडपटीहून जास्त फुगवटा! तो करोडो कणांत एकदम झाला की तुमचं दार अडकतं. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की जाळी परत मिटते, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाया खाली बसतो.

आता कोकण बघा. तिथला दगडही बहुतेक बेसॉल्टच. पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसानं त्यातली बरीच सिलिका, मॅग्नेशियम, कॅल्शियम धुऊन नेलं आणि उरलं ते जास्त करून केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइड. केओलिनाइटमध्ये एक सिलिकाचा थर आणि एक ॲल्युमिनाचा, थप्पीचं अंतर ७.२ अँगस्ट्रॉम आणि हे थर एकमेकांना हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात, पाण्याला मध्ये शिरायला दारच नाही. म्हणून कोकणातली लाल माती अशी फुगत नाही आणि भेगाळत नाही. सोलापूरला पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, धुऊन न्यायला पाणीच कमी, म्हणून आपल्याकडं स्मेक्टाइट टिकला. (इथं मातीची केमिस्ट्री पण थोडी बदलते हे मान्य, पण फुगण्याचं कारण रचनेतच आहे.) तुमच्या भावाच्या जागेतला मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला दगड, त्यात ही चिकणमाती कमी, म्हणून भिंत शांत.

आणि एक सांगते, याच जाळीवर तुमचा शाळू उभा आहे. परतीचा पाऊस या मातीत मुरतो आणि पेरणीनंतर पाणी न देता नुसत्या ओलीवर मालदांडी पोटरीत येते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटच्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर सातशे-आठशे चौरस मीटर भरतो, केओलिनाइटचा दहा-वीस. ओल धरायला जागा कुठं जास्त ते यावरनंच कळतं.

---

शाळूवाला

लई भारी सांगितलं ताई. घराचं आता काय करावं?

---

होटगीरोड_साइट

@शाळूवाला, जुन्या घराला पहिलं काम म्हणजे भिंतीलगत पाणी मुरू देऊ नका, कडेनं रुंद फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा करा उतार देऊन, न्हाणीचं पाणी लांब न्या, मोठं झाड भिंतीजवळ नको. ओल सारखी राहिली पाहिजे, एकदा भिजणं एकदा वाळणं यानंच घात होतो. नवं बांधायचं असेल तर काळी माती काढून मुरूम भरून दाबून घेणं किंवा अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर कंद असलेले खांब, साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात, कारण त्या खोलीला ओल फारशी बदलत नाही. रुरकीच्या सीबीआरआयनं ही पद्धत आपल्याकडच्या काळ्या मातीसाठीच बसवली. तुमच्या जागेची माती बघूनच ठरवा, इंजिनिअर नेऊन दाखवा.

---

भट्टीवाला

ताई, गंमत बघा, आम्ही साच्याच्या वाळूला बांधायला जे बेंटोनाइट वापरतो ते म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटच, कच्छहून येतं. शाळूवाल्याच्या घराला जे तडे पाडतं तेच आमच्या साच्यात वाळूचा कण कणाला धरतं. पाणी चार टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, पापुद्रे ओले होऊन चिकट झाले पाहिजेत पण सुटले नाही पाहिजेत. आणि तिथंही वाळूचा आकार आलाच, गोल कणाची वाळू असली तर बाइंडर कमी लागतं आणि गॅस जायला वाट राहते, टोकदार असली तर बाइंडर जास्त. क्वार्ट्झचं अजून एक दुखणं आहे, ५७३ अंशाला त्याची जाळी एका रूपातनं दुसऱ्या रूपात उडी मारते आणि कण एकदम फुगतो, साच्याचा पापुद्रा सुटून कास्टिंगवर खपली येते. नाजूक कामाला म्हणून झिरकॉन किंवा क्रोमाइट वाळू घेतात.

---

पॅनहाऊस

साखरेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, आपल्या जिल्ह्यात एवढे कारखाने. ऊस तोडून दोन-तीन दिवस ट्रॉलीत उभा राहिला, त्यात ऊन, की त्याच्यात जंतू वाढून डेक्स्ट्रान तयार होतं. हे डेक्स्ट्रान म्हणजे साखरेतल्याच ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. पॅनमध्ये, म्हणजे रस आटवून दाणा बनवायच्या भांड्यात, साखर धरायला लागली की ते स्फटिकाच्या काही ठरावीक बाजूंवर जाऊन बसतं आणि त्या बाजूंची वाढ अडवतं, बाकीच्या बाजू वाढत राहतात. मग दाणा ठसठशीत न होता लांब होत जातो, सी मॅसेक्विटमध्ये, म्हणजे शेवटच्या फेरीच्या दाणा-मळीच्या मिश्रणात, तर अक्षरशः सुया दिसतात. काचेच्या पट्टीवर मॅसेक्विटचा थेंब घेऊन बल्बच्या उजेडात बघितलं की पॅनमनला लगेच कळतं की आज यार्डात शिळा ऊस आलाय.

साखर तीच, शुद्धता हवी तेवढी, पण सुया झाल्या की सेंट्रिफ्युगलमध्ये, म्हणजे मळी वेगळी काढणाऱ्या फिरत्या मशीनमध्ये, त्या एकमेकांत घट्ट बसतात, मळी मधनं बाहेर पडत नाही, धुवायला पाणी जास्त मारावं लागतं आणि त्या पाण्यात हातातली साखर विरघळून परत मळीत जाते. ऊस शिळा झाल्यानं उतारा घटतो हे सगळेच सांगतात, पण त्यातला एक वाटा असा दाण्याच्या आकारापायी जातो हे शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं कारण ट्रॉली वेळेत खाली झाली असती तर हे झालंच नसतं.

---

गोळी_विभाग

पॅनहाऊस दादांनी लिहिलंय तेच आमच्याकडं औषधात मुद्दाम करतात. मी एपीआय, म्हणजे औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या प्लँटच्या लॅबमध्ये आहे. आयबुप्रोफेन हेक्झेनमधनं स्फटिक केलं तर लांब सुया येतात, मिथेनॉल-इथेनॉलसारख्या द्रावकातनं केलं तर आखूड जाड दाणा येतो. शुद्धता दोन्हीची सारखी. पण सुयांची पावडर हॉपरमध्ये अडकते, पूल बांधते, गोळीचं वजन कमी-जास्त होतं. मोकळा दाणा असला की मशीन विनातक्रार चालतं.

यातली एक मेख सांगते जी चिंचोळीकरांच्या नाण्यासारखीच आहे. पार्टिकल साइज मोजायला आम्ही लेझर डिफ्रॅक्शन वापरतो. ते मशीन प्रत्येक कण गोल आहे असं धरूनच आकडा काढतं! सुई असो, पत्रा असो, त्याला समतुल्य गोळ्याचा व्यास छापून येतो. दोन बॅचचा आकडा अगदी जुळला, म्हणून माल पाठवला, आणि समोरच्याकडं एक वाहतेय आणि एक अडकतेय. मी आता प्रत्येक बॅचचा मायक्रोस्कोपचा फोटो रिपोर्टला जोडतेच, कुणी मागो न मागो.

आतल्या जाळीचं म्हणाल तर पॅरासिटामॉल. नेहमी मिळतं ते रूप १, मोनोक्लिनिक, त्यात रेणू असे अडकून बसलेत की दाबलं तर थर सरकत नाहीत, गोळीचं टोपण उडतं, म्हणून बाइंडर घालावा लागतो. रूप २ ऑर्थोऱ्हॉम्बिक, त्यात सपाट थर एकमेकांवर आहेत, दाब दिला की सरकतात आणि गोळी नुसत्या दाबानं चांगली बसते. पण ते टिकायला अवघड म्हणून बाजारात रूप १ च. आणि रिटोनाविर तर सगळ्यांना माहीत असायला पाहिजे, एचआयव्हीचं औषध, १९९६ मध्ये बाजारात आलं आणि १९९८ मध्ये अचानक त्याचं नवं स्फटिकरूप तयार व्हायला लागलं जे फारच कमी विरघळायचं. रेणू तोच होता. कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली.

---

डिप्लोमा_मेकॅनिकल

सर्वांना नमस्कार, मी शिकतोय अजून. आम्हाला एफसीसी, बीसीसी पाठ करून घेतात, पण त्याचा उपयोग काय हे कुणी सांगत नाही. इथं कुणी सांगेल का?

---

भूगोल_ताई

@डिप्लोमा_मेकॅनिकल, उसाचा कोयता घे हातात. आपल्याकडं लोहार तो बहुतेक ट्रकच्या कमानपाट्यापासून करतात, त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का. लोखंड नेहमीच्या तापमानाला बीसीसी असतं, घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि एक मध्यभागी. ९१२ अंशाला शुद्ध लोखंड एफसीसी होतं, कोपऱ्यांवर आणि सहाही बाजूंच्या मधोमध अणू. एफसीसीत अणू जास्त दाटीनं बसतात, म्हणून तापवतानाही त्या क्षणी लोखंड किंचित आकसतं. पण त्यातल्या मोकळ्या फटी आकारानं मोठ्या, त्यामुळं कार्बन २ टक्क्यांपर्यंत मावतो. बीसीसीत जेमतेम ०.०२ टक्के.

आता लोहार पातं लाल करतो, कार्बन सगळा एफसीसीत विरघळलेला. मग धारेला पाणी पाजतो. जाळीला परत बीसीसी व्हायचंय पण कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आत अडकतो आणि घन एका बाजूनं ताणला जातो. तो ताणलेला मार्टेन्साइट म्हणजे कोयत्याची धार. नुसतं हवेत थंड केलं असतं तर तेच लोखंड एवढं कडक झालं नसतं. पाणी पाजल्यावर लोहार पातं परत थोडं शेकतो ना, ते अडकलेला कार्बन थोडा सुटावा आणि धार काचेसारखी उडू नये म्हणून.

आणि तांबं-ॲल्युमिनियमच्या तारा सहज का ओढल्या जातात? ते एफसीसी, घसरायला दाट थरांच्या बारा वाटा. जस्त, मॅग्नेशियम षटकोनी, गार असताना वाटा मोजक्याच, म्हणून मॅग्नेशियमचा पत्रा लाटायचा तर गरम करून लाटतात.

---

डिप्लोमा_मेकॅनिकल

ताई खूप खूप धन्यवाद, आता परीक्षेत कोयताच लिहीन.

---

तर्कशुद्ध

सगळं छान चाललंय, पण मला एक आक्षेप नोंदवायचाय. तुम्ही लोक जाळी आणि कणाचा आकार एकाच धाग्यात घालून गल्लत करताय. क्रश सँड टोकदार झाली ती क्रशरमुळं, क्वार्ट्झच्या किंवा बेसॉल्टच्या जाळीचा त्यात काय संबंध? दोन वेगळे विषय आहेत.

---

चिंचोळीकर

@तर्कशुद्ध, आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर पण आहे. कण वाढून तयार झाला का फुटून तयार झाला, यावर ते ठरतं. वाढून झाला असेल, जसं ग्रॅफाइटची गोळी, साखरेचा दाणा, आयबुप्रोफेनची सुई, तर आकार हा जाळीचाच वाढलेला चेहरा असतो, कुठली बाजू वेगानं वाढते आणि कुठल्या बाजूवर कोण जाऊन बसतं यावर तो ठरतो. फुटून झाला असेल तर बघायचं की जाळीत ठरलेली फाटण्याची दिशा आहे का. अभ्रकाला आहे, म्हणून तो कसाही कुटा, पत्रेच निघणार, क्रशर बदलून उपयोग नाही. क्वार्ट्झला तशी दिशा नाही आणि बेसॉल्ट तर बारीक बारीक वेगवेगळ्या स्फटिकांचा एकत्र गोळा, कुठल्याच एका जाळीचं तिथं चालत नाही, म्हणून तिथं मशीन ठरवतं आणि जॉ क्रशर बदलून व्हीएसआय लावला की फरक पडतो. आणि फ्लाय ॲश थेंबातनं गोठलेली, तिथं जाळीच नाही, पृष्ठताणानं गोल. पुरवठादाराशी भांडताना हे माहीत पाहिजे, कारण आकार बिघडला तर दुरुस्ती रसात करायची, द्रावकात करायची, का मशीनमध्ये, हे त्यावरनंच कळतं.

---

तर्कशुद्ध

हे पटलं. असं वेगळं करून मांडलं तर माझी हरकत नाही.

---

विजापूरवेस

मग पाती वाईटच का? सगळंच एसजीचं का करत नाहीत?

---

भट्टीवाला

अजिबात वाईट नाही. लेथचा बेड, ब्रेक ड्रम, इंजिनचा ब्लॉक ग्रेचाच बरा. पात्या एकमेकींना लागून असतात आणि ग्रॅफाइटच्या थरातनं उष्णता जोरात वाहते, ब्रेकची उष्णता पटकन बाहेर जाते. कंपनं पण पात्यांत जिरतात, म्हणून लेथ थरथरत नाही. टोला दिल्यावर भद्द वाजतं ते त्याच कारणानं. ज्याला खेचलं जाणार, आदळलं जाणार, त्याला गोळी पाहिजे. कॅमशाफ्टच्या लोबला, म्हणजे घासणाऱ्या उंचवट्याला तर दोन्ही नको, तिथं साच्यात लोखंडी चिल, म्हणजे झटकन थंड करणारा तुकडा बसवून ग्रॅफाइट होऊच देत नाहीत, कडक कार्बाइड ठेवतात, आणि त्याच शाफ्टच्या मधल्या दांड्यात ग्रॅफाइट येऊ देतात म्हणजे मशिनिंग होतं. एकाच रसातनं, एकाच ओतण्यात, दोन रचना. आपल्या सोलापुरात हे काम फार चांगलं होतं.

---

चिंचोळीकर

अपडेट देतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे त्या लॉटचे पीस टांगून वाजवले, भद्द वाजणारे वेगळे काढले. मग एका ओळखीच्या लॅबमधनं अल्ट्रासोनिक मशीन आणून वेग मोजला. चांगल्या एसजीत ध्वनी सेकंदाला साधारण ५५०० ते ५७०० मीटर जातो, पात्या आल्या की तो बराच खाली उतरतो. वेगळे काढलेले सगळे पीस खालच्या बाजूला निघाले, एकदोन जे कानाला संशयास्पद वाटले नव्हते ते पण मशीननं पकडले.

पुरवठादाराला मेल गेलाय. यापुढं प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या बॉक्सचा एक पीस कापून १०० पटीचा फोटो, गोळ्यांचं प्रमाण किमान ८५ टक्के, ट्रीटमेंटची आणि शेवटच्या ओतण्याची वेळ रजिस्टरवर, आणि कास्टिंगलाच जोडून ओतलेला टेस्ट बार. स्पेक्ट्रो रिपोर्ट पण पाहिजेच, तो कुणी बंद करायला सांगत नाहीये.

---

भट्टीवाला

टेस्ट बारची जाडी ब्रॅकेटच्या कानाएवढीच ठेवायला सांगा, जाड बार हळू थंड होतो, त्यातली रचना वेगळी येते.

---

चिंचोळीकर

हो काका, ड्रॉइंगवर तसं लिहून पाठवतो.